शुक्रवारपर्यंत सांगू नका

सोमवारपासून गुरुवारपर्यंत ते कुणाचंच वाक्य पुरतं ऐकून घेत नसत. समोरचा बोलायला लागला की त्यांचा उजवा हात सावकाश कानाच्या दिशेने निघायचा. बोलणं अमेरिकेकडे, खेळाकडे किंवा नुसतं 'काल रात्री'कडे वळतंय अशी शंका आली, की बोट कानात. "शुक्रवारपर्यंत सांगू नका," ते म्हणायचे. ऑफिसात नव्याने आलेल्यांना वाटायचं, यांना कानाचा त्रास असावा. एका केरळी बाईंनी तर घरचं औषधी तेल आणून दिलं होतं. ते त्यांनी आभार मानून घेतलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.

खरं कारण एवढंच, की त्यांना अमेरिकन फुटबॉलचं वेड होतं. तिकडची रविवार दुपारची मॅच दुबईत रविवारी रात्री लागायची. आमचा रविवार कामाचा आणि सुट्टी शुक्रवारी. तिथल्या चर्चमध्येही रविवारची मोठी मिस्सा शुक्रवारी सकाळी व्हायची. वसईचा हा कॅथलिक माणूस म्हणायचा, "मिस्सा शुक्रवारी चालते, तर मॅच का चालू नये?" म्हणून रविवारची मॅच यंत्रावर रेकॉर्ड व्हायची आणि शुक्रवारी मिस्सा आटोपल्यावर, नाश्त्याबरोबर, बघितली जायची. मधले दिवस निकाल कानावर पडू द्यायचा नाही. त्या दिवसांत ते पेपरचं शेवटचं पान उघडत नसत, इंटरनेट लावत नसत, आणि लिफ्टमध्ये कुणी गोरा माणूस शिरला तर पुढच्या मजल्यावर उतरून जिना धरत.

हे वेड त्यांनी स्वतःहून निवडलेलं नव्हतं. शेख झायेद रोडवरच्या एका कन्सल्टन्सीत आम्ही कामाला होतो. ते प्लॅनिंगमध्ये, म्हणजे बांधकामाची वेळापत्रकं बनवणारे. मी स्पेसिफिकेशन लिहिणारा. मंदी यायच्या थोडं आधीची गोष्ट. आमच्यावर एक अमेरिकन साहेब होता. त्याला वाटलं, या सगळ्या देशांच्या माणसांना एकत्र बांधायला काहीतरी हवं. त्याने साइटवरच्या पिवळ्या हेल्मेटमध्ये तिकडच्या टीमच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि प्रत्येकाला एकेक उचलायला लावली. जी निघेल ती तुमची टीम. बहुतेकांनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत नाव विसरून टाकलं. यांच्या हाताला एका थंड, तळ्याकाठच्या शहराची टीम लागली. वर्षानुवर्षं हरणारी. माझ्या हाताला तिचीच जुनी वैरी लागली, नदीकाठच्या शहरातली, नेहमी जिंकणारी. साहेब हसून म्हणाला, हवी तर बदलून घे. हे गंभीर होते. म्हणाले, "नो सर. बाप्तिस्मा झाला. खलास."

त्याच आठवड्यात त्यांनी कुठून तरी त्या टीमची हिरवी लोकरीची टोपी पैदा केली. दुबईच्या उन्हाळ्यातही ती डोक्यावर असायची. बसस्टॉपवर उभे असताना घाम कपाळावरून चष्म्यावर उतरायचा. कुणी टोकलं तर म्हणायचे, "तिकडे थंडी आहे."

मी पुस्तकांतला माणूस. नियम वाचून काढले, आणि वाचता वाचता अडकलो. म्हणून ते मला मास्तर म्हणू लागले. ऑफिसात या खेळावर बोलणारे आम्ही दोघेच उरलो होतो, आणि तेही एकमेकांच्या विरुद्ध.

वाद नेहमी एकाच माणसावरून व्हायचा. या खेळात क्वार्टरबॅक नावाचा एक गडी असतो. प्रत्येक डावाचा चेंडू आधी त्याच्या हातात येतो. समोरून रेड्यांसारखी माणसं त्याला आडवा करायला धावत असतात, आणि ती पोचायच्या आत त्याने ठरवायचं, चेंडू कुणाकडे फेकायचा. सगळी टीम त्याच्या डोक्यावर आणि खांद्यावर. कॉलेजातून नवा पोरगा आला की तो घडेल की बुडेल यावर तिकडे गावंच्या गावं भांडतात. आम्ही अल बर्शामध्ये भांडायचो, त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. त्यांच्या पत्नी मैद्याच्या गोल फुगिया तळत असायच्या, आणि त्यांची आठ-नऊ वर्षांची मुलगी सोफ्याच्या हातावर बसलेली असायची.

"बघा मास्तर, हात बघा पोराचा. तोफ आहे तोफ."

"हात आहे हो. डोळे कुठे आहेत? ज्याच्याकडे टाकायचा त्याच्याकडेच टक लावून बघतोय. समोरच्याला आधीच कळतं."

"पहिलं वर्ष आहे त्याचं! तुमचा तो नदीवाला पहिल्या वर्षी काय करत होता? बाकावर बसून पाणी पीत होता."

"निदान चेंडू तरी शत्रूच्या हातात देत नव्हता."

"डॅडा, अंकल इज राइट," मुलगी म्हणायची. "युअर गाय इज टेरिबल."

"ऐकलंत?" स्वयंपाकघरातून आवाज यायचा. "पोरीलासुद्धा कळतं. तुम्हालाच नाही कळत."

मग ते टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे आणि त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणायचे. "पहिल्या वर्षी पोराला समोर भिंत दिसते. दुसऱ्या वर्षी खिडक्या दिसतात. तिसऱ्या वर्षी दार. तिसऱ्या वर्षाच्या आत पोराला हाकलणारा माणूस गाढव."

त्या खेळातला एक नियम त्यांना खेळापेक्षाही प्रिय होता. वर्षाच्या शेवटी जी टीम सगळ्यांत खाली असते, तिला पुढच्या वर्षीचे नवे पोरगे निवडायला सगळ्यांत आधी मिळतं. जिंकणाऱ्याने थांबायचं. पहिल्यांदा मी हे वाचून दाखवलं तेव्हा ते उभेच राहिले. "हा नियम करणारा माणूस थेट मिस्सा ऐकून आलेला असणार," ते म्हणाले. पुढे कितीतरी वेळा, काही कारण नसताना, जेवता जेवता थांबून ते विचारायचे, "दुसरीकडे कुठे आहे असं, मास्तर? तुम्ही एवढं वाचता. सांगा ना, कुठे आहे?"  

त्यांच्या कामात 'फ्लोट' असा एक शब्द होता. वेळापत्रकातलं एखादं काम उशिरा झालं तरी सगळी इमारत लांबत नाही, तेवढी जी मोकळीक असते तिला फ्लोट म्हणतात. तो शब्द त्यांनी घरी आणला होता. गॅस संपत आला, मुलीची परीक्षा जवळ आली, बस निघून गेली, सगळ्यावर एकच उत्तर: "फ्लोट आहे अजून."

मग मंदी आली. आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन एका आठवड्यात थांबल्या. त्यांचे लांब हात वाऱ्याने हळूहळू फिरायचे, तेवढीच हालचाल. अमेरिकन साहेब लवकर गेला. जाताना मॅच रेकॉर्ड करण्याचं यंत्र यांना देऊन गेला. म्हणाला, तुमच्याइतका त्याचा उपयोग आणखी कुणी करणार नाही.

त्यानंतर एचआरच्या बाई एकेकाला काचेच्या खोलीत बोलवायला लागल्या. आत गेलेला माणूस बाहेर यायचा आणि टेबलावरचा फोटो उचलायचा. पलीकडच्या टेबलावरचा सोलापूरचा ड्राफ्ट्समन परत आला तेव्हा त्याच्या हातात फोटोसुद्धा नव्हता. तो नुसता उभा राहिला आणि मग सगळ्यांशी हात मिळवत गेला. त्या मंगळवारी यांना बोलावणं आलं. हे उठले नाहीत. पुन्हा आलं. शेवटी बाई स्वतःच त्यांच्या टेबलाशी आल्या. मी शेजारीच होतो.

"सर, प्लीज. दोन मिनिटं."

त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली. "मॅडम, शुक्रवारपर्यंत सांगू नका."

बाईंना त्या बोटांची सवय होती. त्या हसल्या, आणि हसताना त्यांचे डोळे भरून आले. त्यांनाही अजून बरीच नावं उरकायची होती. "ओके. थर्सडे," एवढं म्हणून त्या गेल्या. उरलेले दिवस हे रोजच्यासारखं काम करत राहिले. पेन्सिलींना टोकं केली, शिट्टीवर काहीतरी वाजवलं. मी मात्र झोपलो नाही.

गुरुवारी कळलं की त्यांना अर्ध्या पगारावर ठेवलंय. माझी नोकरी मात्र गेली. मला पुढे रास अल खैमाला एका सिरॅमिकच्या कारखान्यात नोकरी मिळाली. मी एकटाच होतो. मला हलायला एक सूटकेस आणि पुस्तकांची खोकी पुरली.

त्यांना तसं हलता येईना. अर्ध्या पगारात फ्लॅटही नाही आणि शाळाही नाही. पत्नीला आणि मुलीला वसईला पाठवायचं ठरलं. एका सीझनपुरतं, ते म्हणाले. त्या वर्षी तसं कितीतरी घरांत ठरत होतं, आणि सगळ्या घरांत 'थोड्या दिवसांसाठी' हाच शब्द होता.

विमानतळावर मी गेलो होतो. मुलीच्या पाठीवर शाळेचंच दप्तर होतं. ती म्हणाली, "डॅडा, व्हेन आर वी कमिंग बॅक? टेल मी प्रॉपरली."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतींना तारखा देणाऱ्या त्या माणसाला एक तारीख सांगता आली नाही. ते तिच्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "आपला पोरगा ज्या वर्षी टीमला बाद फेरीत नेईल ना, त्या वर्षी तुम्ही परत. प्रॉमिस."

"दॅट मीन्स नेव्हर," ती म्हणाली आणि हसली. तिच्या आई हसल्या नाहीत. "काहीही बोलता पोरीशी," त्या म्हणाल्या आणि ट्रॉली ढकलायला लागल्या.

काचेपलीकडे दोघी दिसेनाशा झाल्यावर ते टोपी नीट करत मला म्हणाले, "पोराचं दुसरं वर्ष आहे. खिडक्या दिसायला लागतील."

ते अल कुसैसला एका खोलीत राहायला गेले. कंपनीने त्यांना ठेवलं होतं ते एका टॉवरसाठी. त्याचा पाया तेवढा झाला होता आणि काम बंद पडलं होतं, पण मालकाचं म्हणणं होतं की काम केव्हाही सुरू होईल, वेळापत्रक तयार हवं. म्हणून दर महिन्याला हे सगळ्या मजल्यांच्या तारखा एक महिना पुढे ढकलायचे. काँक्रीट कधी, काचा कधी, लिफ्ट कधी, छतावरच्या बागेतली झाडं कधी. पुरं छापून, सही करून पाठवायचे. खड्ड्यात पाणी साचून बगळे यायला लागले होते, तरी वेळापत्रकात झाडांची तारीख चुकलेली नव्हती. एकदा मी विचारलं, "हे कोणी वाचतं का हो?"

"सुरू झालं तर लागेल ना, मास्तर."

मी दर शुक्रवारी सकाळी रास अल खैमाहून बसने यायचो. ते मिस्सा करून माझ्या आधी पोचलेले असायचे. खोलीत एक पलंग, एक टीव्ही, यंत्र आणि दोन खुर्च्या. दुसरी खुर्ची त्यांनी माझ्यासाठी घेतली होती. फुगिया आता नव्हत्या. कोपऱ्यावरच्या पाकिस्तानी हॉटेलातले पराठे असायचे. मॅच सुरू व्हायच्या आधी ते वसईला फोन लावायचे. आधी पत्नी, मग मुलगी. मुलीशी बोलणं संपताना ते म्हणायचे, "अजून बघायची आहे. शुक्रवारपर्यंत सांगू नकोस हं." तिला तिथे कसला निकाल कळणार होता? पण ते तसं म्हणायचे.

पहिल्या पोराचा खांदा निखळला आणि टीमने त्याला सोडून दिलं. तिसरं वर्ष त्याला मिळालंच नाही. "गाढवं," ते म्हणाले आणि दिवसभर जेवले नाहीत. टीम पुन्हा सगळ्यांत खाली होती, त्यामुळे पुन्हा पहिली निवड त्यांची. दुसरा पोरगा डावखुरा आला. तो मैदानात इतका घाबरायचा की त्याच्याकडे बघवत नसे. मी म्हटलं, "याला कुणीतरी घरी पाठवा हो, आई वाट बघत असेल." ते तापले. "तुम्हाला सगळे आयते पाहिजेत! रोप लावलं की दुसऱ्या दिवशी आंबा!" डावखुराही गेला. प्रत्येक नव्या पोराबरोबर भिंत, खिडक्या आणि दार पहिल्यापासून सुरू व्हायचं. या सगळ्या काळात मला माहीत होतं की आम्ही पोरांबद्दल बोलत नाही आहोत. त्यांचा पोरगा जमला तर त्या दोघी परत येणार होत्या. मी त्याच्या हाताला नावं ठेवायचो तेव्हा नेमक्या कुठल्या वस्तूवर बोट ठेवतोय हे मला कळत होतं, आणि दर वर्षी ते बोट जड होत गेलं.

तिसऱ्या पोराच्या वेळी माझ्याच्याने राहवलं नाही. त्या शुक्रवारी वसईचा फोन अगदी लवकर संपला होता. मुलगी क्लासला निघाली होती म्हणे. ते भिंतीकडे बघत बसले होते. टीव्हीवर त्या पोराने एक बरा चेंडू फेकला. फार काही नाही, बरा. मी म्हटलं, "या पोरात काहीतरी आहे हं."

त्यांनी मॅच थांबवली. "काय म्हणालात?"

"चांगला आहे म्हटलं."

"पुढच्या आठवड्यात तुमच्या नदीवाल्यांशी खेळणार आहे तो."

"असेल. पण पोरगा चांगला आहे. बाद फेरीत नेईल."

त्यांनी टोपी काढली. केस किती विरळ झाले होते ते मला तेव्हा दिसलं. "मास्तर, उठा," ते म्हणाले. "निघा तुम्ही."

"अहो, झालं काय?"

"माझी कीव करायला इथे येऊ नका. त्यासाठी बाकीची दुबई आहे. निघा, यल्ला."

मी परतीची बस धरली. पुढचे काही शुक्रवार रास अल खैमात, एकट्याने, पुस्तक उघडून बसलो आणि एक पानही वाचलं नाही. मग एक दिवस फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "येताय का? भांडायची तयारी असेल तर या." मी गेलो, आणि आत शिरता शिरताच म्हटलं, "तुमच्या पोराच्या पायात काय शिसं ओतलंय का?" त्यांचा चेहरा उजळला. असा उजळला, की मला बघवेना.

तसंच चाललं मग. तो टॉवर रद्द झाल्याचं कंपनीने अखेर कळवलं. यांनी शेवटचं वेळापत्रक तरीही पाठवलं, आणि अल कुसैसमधल्याच एका लहान कंत्राटदाराकडे कामाला लागले. मी त्यांना परत जा म्हणून दोन-तीनदा सांगितलं. "आता कुठे," ते म्हणायचे, "पोरगा नवा आहे."

एका शनिवारी कामावर, बसल्या जागी ते गेले. कंत्राटदाराच्या पीआरओने, म्हणजे व्हिसाची, सरकारी कामं बघणाऱ्या माणसाने, त्यांच्या मोबाइलमधला शेवटचा नंबर लावला, तो माझा होता.

त्यांना वसईला न्यायच्या कागदपत्रांसाठी घरचं कुणीतरी यायला हवं होतं. पत्नीला गुडघ्यांनी प्रवास होईना. मुलगी आली. त्याच विमानतळातून ती बाहेर आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. तिनेच मला ओळखलं. "काका," ती म्हणाली. या शहरात होती तोवर ती मला अंकल म्हणायची. आता ती स्वच्छ वसईचं मराठी बोलत होती. टॅक्सी अल बर्शावरून गेली तेव्हा मी तिला जुनी इमारत दाखवली. तिने मान वळवून पाहिलं. "कुठली?" तिने विचारलं. तोवर ती मागे पडली होती.

बुधवारी आम्ही अल कुसैसच्या खोलीत सामान आवरायला गेलो. फारसं नव्हतंच. टोपी उशाशी होती. यंत्रावर लाल दिवा लागलेला होता. मालक शनिवारी गेला तरी यंत्राने रविवारी रात्री मॅच रेकॉर्ड करून ठेवली होती.

मी म्हटलं, "तुम्ही परत याल या आशेवर काढली त्यांनी इतकी वर्षं."

ती टोपीची घडी करत होती. ती थांबली. "नाही काका," ती म्हणाली. "मी त्यांना दुसऱ्याच वर्षी सांगितलं होतं. मला परत नाही यायचं म्हणून. मला तिकडे आवडायला लागलं होतं, मैत्रिणी झाल्या होत्या. मम्मीनेही सांगितलं, आता नको. तुम्ही या इकडे."

"मग? काय म्हणाले?"

"बरं म्हणाले.  मग म्हणाले, मास्तरांना सांगू नकोस. ते भांडायचं सोडतील."

मी माझ्या खुर्चीवर बसलो. ती त्यांच्या खुर्चीवर बसली. खाली रस्त्यावर कुणीतरी गॅसच्या टाक्या उतरवत होतं. काहीतरी करायला हवं म्हणून मी मॅच लावली. या वर्षीचा पोरगा नवा होता, कोवळा, शिरस्त्राणात डोकं हरवल्यासारखा. त्याने पहिलाच चेंडू थेट समोरच्याच्या हातात फेकला.

"शी," ती म्हणाली. "हा कसला? याला काहीच येत नाही."

"पहिलं वर्ष आहे त्याचं," मी म्हणालो.  "पहिल्या वर्षी समोर भिंतच दिसते."

 आम्ही बघत राहिलो. पोरगा पडत होता, उठत होता. शेवटचा भाग सुरू झाला तेव्हा दोन्ही टीम बरोबरीत होत्या. चेंडू त्याच्या हातात आला आणि तिने अचानक माझ्या हातातला रिमोट घेऊन मॅच थांबवली. तो हात मागे घेऊन फेकण्याच्या बेतात तसाच राहिला.

"आज बुधवार ना?" तिने विचारलं. "डॅडा शुक्रवारी बघायचे."

"हो."

"मग राहू दे. शुक्रवारी बघू."

तिने टीव्ही बंद केला, टोपी पिशवीत ठेवली आणि पिशवीची चेन लावली. मी बरं म्हटलं. तिचं आणि त्यांचं विमान गुरुवारचं होतं.